दोऱ्यातली सातवी चकती

आज संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझी मुलगी फोनवर म्हणाली, "काही नाही गं आई. झोप तू."

संध्याकाळी सहाला कोण झोपतं?

त्याआधी तिने विचारलं होतं, "वही घरीच राहिली ना?" मी म्हटलं, "हो, इथे टेबलावर आहे. का गं?" त्यावर तिचं ते "काही नाही". आता रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेत आणि बंद खोलीत गांधीलमाशी शिरावी तसं ते "काही नाही" माझ्या डोक्यात भणभणतंय. तिचे बाबा आत घोरताहेत. झोपायला जाताना म्हणाले, "तू काळजी करतेस म्हणून मला करावी लागत नाही. आपल्याकडे कामाची वाटणी उत्तम आहे."

मी बावीस वर्षं विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासले. माणूस शिडीवरून कसा पडतो, गॅसची नळी कुठे चिरते, उतारावर उभी केलेली गाडी आपली आपण कशी निघते, सगळं मला पाठ आहे. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. माझ्या मनाला त्याचा रीतसर पगार मिळत होता. अशा आईच्या पोटी जन्म घेऊन या मुलीने धंदा निवडला तो गाड्यांच्या पोटाखाली झोपण्याचा.

गॅरेजमध्ये सगळे तिला खुडबुडी म्हणतात. नाव आम्हीच दिलेलं. तीन वर्षांची असताना तिने गजराचं घड्याळ उघडलं. त्यात नवल नाही, मुलं उघडतातच. हिने ते परत बंदही केलं. एक स्प्रिंग उरली ती माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "ही जास्तीची होती." ते घड्याळ पुढे दोन वर्षं चाललं, फक्त गजर व्हायचा तो मनाला येईल तेव्हा.

तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन ती उस्तादांच्या गॅरेजमध्ये "फक्त दोन महिने" शिकायला गेली, त्याला आता सहा वर्षं झाली. उस्ताद सत्तरी ओलांडलेले, कानात वाफेसारखे पांढरे केस, बोटं जाड. डोंगराळ रस्त्यांवरच्या जीपगाड्या लांबून त्यांच्याकडे येतात त्या एकाच गोष्टीसाठी: डिफरन्शियल. मागच्या दोन चाकांच्या मधोमध, आसावर, खरबुजाएवढा लोखंडी गोळा दिसतो, त्याच्या आत हे प्रकरण असतं. मला वाटायचं, तिथे तेल वगैरे ठेवत असतील.

ते काय असतं हे खुडबुडीने आम्हाला जेवणाच्या टेबलाभोवती शिकवलं. झाडूच्या दांड्याचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं तिच्या बाबांच्या. "आता तुम्ही दोघं जीपची दोन चाकं. टेबलाला वळसा घाला. दांडा सरळच राहिला पाहिजे."

मी टेबलाच्या बाजूने, तिचे बाबा बाहेरून. मी जागच्या जागी पाय हलवतेय आणि ते भिंतीला घासत पळताहेत. कोपऱ्यावर त्यांनी खुर्चीला धडक दिली.

"बघितलंत? वळताना बाहेरच्या चाकाला जास्त धावावं लागतं. दोघांना एकाच दांड्याला घट्ट बांधलं तर एक तरी फरफटणार, नाहीतर दांडा मोडणार. मधला गोळा दोघांना आपापल्या चालीने चालू देतो, आणि तरी दोघांना ढकलतो."

"म्हणजे तो गोळा म्हणजे तू," बाबा गुडघा चोळत म्हणाले.

"आणि बाबा, एक चाक चिखलात रुतलं ना, तर साधा डिफरन्शियल सगळा जोर त्यालाच देत बसतो. ते जागेवर गरगर फिरतं, आणि कोरड्यावरचं चाक मुकाट्याने उभं. गाडी हलत नाही."

"घरातही असंच असतं," मी म्हटलं. "जो हातपाय झाडतो, त्याच्याकडेच सगळ्यांचं लक्ष." दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुढचं वाक्य चहाबरोबर गिळलं.

आता त्या जीपबद्दल. गुरांचे डॉक्टर म्हणून आमच्याकडे सगळे ज्यांना ओळखतात, त्यांची ती. डोंगरावरच्या कुरणात उन्हाळाभर कळप असतात, त्यांना लस द्यायला डॉक्टर जातात. जीप जुनी, पण धष्टपुष्ट. तिचा मागचा डिफरन्शियल रडायला लागला. म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला की गप्प, सोडला की लांबलचक सूर. दोन गॅरेजांनी तो उघडून नवे बेअरिंग घातले आणि दोन्ही वेळा महिनाभरात रडणं परत सुरू झालं. तिसऱ्यांदा डॉक्टर उस्तादांकडे आले. उस्तादांनी लाकडी पट्टीचं एक टोक गोळ्याला लावलं, दुसरं कानाला, चाक फिरवायला सांगितलं आणि ऐकलं. मग पट्टी खुडबुडीच्या हातात दिली.

"उघड. हे तुझं. मी बोट लावणार नाही."

डॉक्टर म्हणाले, "उस्ताद, मी तुमच्यासाठी एवढ्या लांब आलो."

"आणि मी हिला तुमच्यासाठी सहा वर्षं तयार केली. बसा."

ही तिची पहिली संपूर्ण स्वतःची जोडणी. बिघडली तर नाव तिचं, चालली तरी तिचंच.

तिने उघडलं आणि पाच मिनिटांत हसायला लागली. आतले बेअरिंग दाबून धरायला दोन लोखंडी कमानी असतात, डावी आणि उजवी. दिसायला जुळ्या, पण प्रत्येक आपापल्या जागीच घासून बसवलेली. म्हणून त्यांच्यावर छिन्नीने ठिपके मारतात, डावीला एक, उजवीला दोन. आधीच्या कुणीतरी डावी उजवीकडे लावली होती. डाव्या पायाचा बूट उजव्या पायात घालून डोंगर चढायला सांगितल्यासारखं. नवे बेअरिंग किती घातले तरी त्यांचा गळाच आवळला जात होता. त्यात दातही झिजलेले. मोठं दातेरी चक्र, म्हणजे क्राऊन, आणि त्याला फिरवणारं छोटं, म्हणजे पिनियन, दोन्ही नवी घालायचं ठरलं.

इथवर सगळं चांगलं चाललं होतं. मग मध्ये मी आले.

पिनियनच्या दोन बेअरिंगांच्या मधे पातळ पत्र्याची एक नळी असते. वरचं नट आवळत गेलं की ती नळी केसाकेसाने चुरगळते. पिनियन हाताने फिरवताना हवा तितकाच जडपणा आला की थांबायचं. जरा जास्त आवळलं तर नट सैल करून उपयोग नाही, चुरगळलेली नळी परत लांब होत नाही. टाकून नवी आणायची. खुडबुडी लांब दांड्याच्या पान्याला लोंबकळत, श्वास रोखून, शेवटचा केसभर आवळत होती, आणि नेमका तेव्हा तिच्या खिशात फोन वाजला.

माझा. त्या दिवसातला पाचवा. मला विचारायचं होतं, डबा खाल्ला का.

ती दचकली, पाना एक इंच जास्त फिरला. नळी गेली. नवी यायला नऊ दिवस. डॉक्टरांनी ते नऊ दिवस कुणाकुणाच्या गाडीत मागे बसून काढले, आणि एकदा तर दुधाच्या कॅनांच्या मधे.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमध्ये माफी मागायला गेले. भिंतीवरच्या फळ्यावर, कामांच्या यादीच्या वर, उस्तादांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: "आईचा फोन: संध्याकाळी सहानंतर. एक." मी कानाला खडा लावला. तेव्हापासून एक म्हणजे एक.

पण उस्ताद माणूस मोठा. मला स्टुलावर बसवून म्हणाले, "वहिनी, तुमची काळजी म्हणजे चांगल्या ताकदीचं इंजिन आहे, फक्त चुकीच्या चाकाला जोडलंय. दुपारी इथे येऊन बसा. हिची वही लिहा. आकडे लिहायला तुमच्यासारखा संशयी माणूस हवाच."

मग मी जायला लागले. कपाळाला आठ्या घालून, पदर खोचून, मांडीवर वही. खरी गंमत चकत्यांची आहे. शिम म्हणतात त्यांना. मधे भोक असलेल्या पोलादी चकत्या, काही कागदासारख्या पातळ. बेअरिंगच्या डाव्या-उजव्या बाजूला त्या घालायच्या, की मोठं चक्र केसभर इकडे किंवा तिकडे सरकतं. एकीकडची काढून पातळ घातली, दुसरीकडे जाड, की दात एकमेकांत किती खोल बसतात ते बदलतं. प्रत्येक चकती घालताना आणि काढताना मोजायची, ती आकडा सांगणार, मी लिहिणार. उस्तादांचा आणखी एक नियम: काढलेली प्रत्येक चकती लगेच दोऱ्यात ओवायची. गाडी पहिल्या फेरीला निघाली की तो दोरा हत्यारांच्या पिशवीतून बरोबर जातो. मुक्कामावर पोचलं की दोऱ्यातल्या चकत्या मोजायच्या आणि वहीशी ताडून बघायच्या. "दोऱ्यात एक कमी," उस्ताद म्हणतात, "म्हणजे ती गोळ्यात पडलीय असं धरायचं. दातांत चकती गेली तर जीप काय, उस्तादही वाचत नाही." एक कमी निघाली तर गाडी जिथे आहे तिथे उभी. तेल काढायचं, झाकण उघडायचं, चकती सापडेपर्यंत पुढे चाक फिरवायचं नाही.

मायक्रोमीटर वापरायलाही मी शिकले. केसाची जाडी मोजता येते त्याने. तिच्या बाबांच्या केसांची मोजली. ते म्हणाले, "जाडी राहू दे, संख्या मोज, लवकर होईल."

दात बरोबर बसलेत की नाही हे कळायला दातांना रंग फासून चक्र फिरवतात. रंग जिथे पुसला जाईल तिथे दात दातावर टेकतोय. तो डाग दाताच्या बरोबर मधोमध हवा. जोडणीच्या पहिल्या फेरीला डाग पार टोकाला. उघडा, चकत्या बदला, बंद करा. दुसऱ्या फेरीला दुसऱ्या टोकाला. तिसऱ्या फेरीला जरा बरा, आणि रंगाची ट्यूब संपली. दुकानं बंद. खुडबुडी ट्यूब मधोमध कापून चमच्याने आत खरवडायला लागली.

मी पर्स उघडली. कुठल्याशा समारंभासाठी घेतलेली एक गडद लाल लिपस्टिक त्यात पाच वर्षं पडून होती. एकदाच लावली होती, आणि तिचे बाबा म्हणाले होते, "दात दुखतोय का?"

"ही चालेल?"

खुडबुडीने तिच्यात थोडं ग्रीस कालवलं आणि ब्रशने दातांना फासलं. उस्ताद चष्मा वर करून वाकले. "पन्नास वर्षांत एवढी नटलेली क्राऊन बघितली नव्हती."

चौथ्या फेरीला डाग मध्याच्या अगदी जवळ. पाचव्या फेरीला तिने चक्र फिरवलं आणि आम्ही तिघांनी डोकी एकत्र आणून आत बघितलं. प्रत्येक दाताच्या मधोमध, एकसारखा, कुणी ओठ टेकवावेत तसा लंबुळका डाग. मला यंत्रातलं काही कळत नाही, पण बरोबर म्हणजे काय ते मला त्या दिवशी दिसलं. खुडबुडीने हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसलं आणि नाकावर लाल रेघ उमटली. उस्तादांनी फळ्यावरच्या "गुरांचे डॉक्टर, जीप" या ओळीपुढे बरोबरची खूण केली, आणि पहिल्यांदाच खडू तिच्या हातात देऊन म्हणाले, "सही."

आज सकाळी ती डॉक्टरांबरोबर पहिल्या फेरीला गेली. स्वच्छ धुतलेला अंगरखा, खांद्यावर हत्यारांची पिशवी, पिशवीत दोरा. डॉक्टर म्हणाले, "चला मिस्त्रीणबाई, बघू तुमची बाळी रडते का." बर्फाच्या पेटीत लस होती. आज रात्रीचा मुक्काम अर्ध्या डोंगरावर, जनावरांच्या दवाखान्याच्या दोन खोल्यांत. उद्या सकाळी सहाला वर कुरणात. पेटीतला बर्फ उद्या दुपारपर्यंतचा, त्यामुळे उद्याचा चढ पुढे ढकलता येत नाही. संध्याकाळी सहानंतर मी फोन केला तेव्हा आधी तेच विचारलं.

"रडते का?"

"अजिबात नाही. मांजरासारखी चाललीय. डॉक्टर दहा वेळा थांबून ऐकताहेत, त्यांना चुकल्यासारखं होतंय."

आवाजात आनंद होता. मग थोडं थांबून ते वहीचं विचारणं. आणि "काही नाही गं. झोप तू."

वही घरी राहिली, कारण मी ती स्वच्छ अक्षरात उतरवून काढायला आणली होती. दावा विभागाची खोड. झोप येईना म्हणून मी दहाच्या सुमाराला तिचा गॅरेजचा मळका अंगरखा भिजवायला घेतला. भिजवण्याआधी खिसे तपासणं ही बावीस नाही, तीस वर्षांची सवय. वरच्या खिशात बोट घातलं तर काहीतरी गार, पातळ हाताला लागलं.

चकती.

पहिला विचार तुम्ही ओळखला असेल: ही आत बसायची राहिली. माझी मुलगी एक चकती कमी घातलेली गाडी घेऊन डोंगरावर आहे, आणि ती चकती माझ्या न्हाणीघरात. दुसरा विचार, तिला फोन. हात फोनकडे गेलाच होता. पण डोळ्यांपुढे तो फळा आला, आणि ती चुरगळलेली नळी. आजचा एक फोन झालेला आहे. उगाच घाबरवायला दुसरा करायचा नाही. आधी कागद बघायचे, मग बोलायचं. दावा असाच तपासतात.

चकती पुसून मायक्रोमीटरला लावली. तीनदा मोजली. तीनदा तेच: पाव मिलीमीटर, पॉइंट पंचवीस. मग वही उघडली. माझंच अक्षर. शेवटी आत बसवलेल्या चकत्या चार. त्यांत पॉइंट पंचवीसची एकही नाही. मी बोट ठेवून ठेवून वाचलं. नाही म्हणजे नाही. काढलेल्या चकत्या एकूण सात. त्यांत पॉइंट पंचवीसची एकच, अगदी शेवटची: "चौथी फेरी, डावी, काढली."

खुर्चीवर टेकले. ही राहिलेली नव्हे, काढलेली चकती आहे. दिव्याखाली धरली तर कडेला अर्धा अंगठा उमटलेला, गडद लाल. चौथ्या फेरीतलीच. आणि मग सगळं आठवलं. तिने लाल हातांनी ती काढली, मोजली, म्हणाली, "आई, पॉइंट पंचवीस, डावी, काढली." मी लिहिलं. ती दोऱ्याकडे वळली आणि मी ओरडले, "आधी हात पुस बाई, सगळीकडे डाग पडतील!" तिने चकती खिशात सरकवली, फडकं घेतलं, हात पुसले. दोऱ्यात ती गेलीच नाही. नळीच्या वेळीही मधे मीच, चकतीच्या वेळीही मधे मीच.

जीप ठीक आहे. मी उठून पाणी प्यायले, स्वतःशी हसले, दिवा मालवायला गेले, आणि तिथेच थबकले.

दोरा तर तिच्याबरोबर आहे.

मुक्कामावर पोचल्यावर तिने नियमाप्रमाणे चकत्या मोजल्या असणार. सहा. तिला अंधुक आठवत असणार की सात हव्यात. वही जवळ नाही, म्हणून तर विचारलं, वही घरीच ना. पुढे आकडा विचारला असता तर मी "का, काय झालं" करून घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून "काही नाही, झोप तू". म्हणजे या घटकेला ती त्या दोन खोल्यांबाहेर जीपखाली बॅटरी घेऊन बसलेली असणार, सातवी चकती गोळ्यात पडलीय असं धरून. सकाळी सहाला ती डॉक्टरांना सांगणार, गाडी हलणार नाही. तेल काढणार, झाकण उघडणार, नसलेली चकती शोधणार. इकडे बर्फ वितळणार. आणि फळ्यावरची ती पहिली सही पुसून टाकायला ती स्वतःच हात पुढे करणार. मी ओळखते तिला. घड्याळाची स्प्रिंग उरली तेव्हा ती तीन वर्षांची होती. तेव्हापासून तिने पुन्हा कुठलीच वस्तू "जास्तीची" म्हटलेली नाही.

तिचे बाबा पाणी प्यायला उठले. मला चकती, वही आणि मायक्रोमीटर घेऊन बसलेली बघून म्हणाले, "अजून जागी? आजचा फोन झालाय हं तुझा."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या हातातली चकती घेऊन दिव्याखाली धरली. मग म्हणाले, "फळ्यावर काय लिहिलंय?"

"सहानंतर. एक."

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजायला दोन मिनिटं होती. त्यांनी तिकडे बोट दाखवलं. "दोन मिनिटांनी तारीख बदलेल. नवा दिवस, नवा फोन."

"आणि सहानंतरचं काय? बारा सहानंतरच येतात, पण उस्ताद असं धरतील का?"

"सकाळी मी जाऊन फळ्यावर लिहून येतो. आईचा फोन: चकतीसाठी, केव्हाही."

दोन मिनिटं आहेत म्हणून हे शेवटचंही लिहून काढलं. काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय, शब्द मोजून. जेवलीस का नाही, पांघरूण आहे का नाही, काही म्हणजे काही नाही. फक्त एवढंच: "सातवी माझ्याकडे आहे. पॉइंट पंचवीस, डावी, चौथी फेरी. तुझ्या अंगरख्याच्या खिशात होती. वहीशी ताडून बघितली. सकाळी निघा."

बारा वाजले. लावते.